खळ्यावरचा बाप्तिस्मा

उपासनेची घंटा होऊन अर्धा तास झाला, तरी अंजली आली नाही.

विंचूरच्या त्या पत्र्याच्या चर्चमध्ये लुथरन मंडळीचे सत्तावीस जण इस्त्रीचे कपडे घालून बसले होते. पुढच्या बाकावर अंजलीचा नवरा किशोर, मांडीवर चार महिन्यांची लेक. आज तिचा बाप्तिस्मा. किशोर सुरतेला गिरणीत कामाला. दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता आणि दुपारी दोनच्या बसनं परत निघायचा होता.

पाळक शांतवन वाघमारे नाशिकहून महिन्यातून एकदाच इकडं येत. ते किशोरजवळ जाऊन बसले.

"अंजली कुठंय?"

"कांद्याच्या खळ्यावर हाय, साहेब. सकाळी तासाभरात येते म्हणून गेली. पण बारापर्यंत गाडी भरून निघायला पाहिजे, आणि सहा बाया आज आल्याच नाहीत. मुकादम तिला सोडीना. गेलीस तर उद्यापासून येऊ नको म्हणतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "आईशिवाय करून घेऊ मग. फोटो दाखवू तिला."

किशोरनं मान हलवली. "सात वर्षं वाट बघितली तिनं या लेकरासाठी. फोटो काय दाखवता?"

पाळकांनी अंगातला पांढरा झगा काढला, घडी करून खांद्यावर टाकला आणि मंडळीकडं वळून विचारलं, "कांदा कोणाकोणाला निवडता येतो?"

लोक एकमेकांकडं बघू लागले. मग सत्तरीच्या कुसाबाई काठी टेकत उठल्या. "मी जन्मभर दुसरं काय केलंय?" असं म्हणत त्या दाराकडं चालूही लागल्या.

खळं हायवेच्या पलीकडं होतं. फाटकातून एवढी माणसं आत येताना पाहून मुकादम नवनाथ खुर्चीवरून ताडकन उठला. त्याला वाटलं, मोर्चाच आला.

"काय पाहिजे?"

"काम," पाळक म्हणाले. "गाडी भरेपर्यंत. मजुरी नको. भरली की अंजलीला अर्धा तास सोडा, बस."

नवनाथनं एकदा अर्ध्या रिकाम्या ट्रककडं पाहिलं, एकदा पाळकांच्या चकचकीत बुटांकडं.

"कांद्यातलं कळतं का तुम्हाला?"

"नाही. दाखवलं तर शिकेन."

कांद्याच्या ढिगाआड बसलेली अंजली घाईनं पुढं आली. केसांवर टरफलं, हात मातीचे. "साहेब, तुम्ही नका ना बसू खाली. कपडे खराब होतील."

"आज तुझा दिवस आहे," ते म्हणाले. "आम्ही तिकडं बसून काय करणार?"

अंजलीच्या शेजारी नवसाबाई बसली होती. मंडळीतली नव्हे, कपाळावर ठसठशीत कुंकू, वर्षानुवर्षं याच खळ्यावर राबलेली. तिनं आपल्या बुडाखालचं पोतं ओढून पाळकांपुढं टाकलं.

"बस, बाबा. हे बघ, असा धरायचा. मान मऊ लागली का बाजूला फेकायचा."

पाळकांनी पहिले चार चांगले कांदे फेकून दिले. नवसाबाईनं ते उचलून परत त्यांच्या हातात दिले. "दाबून बघ की जरा. नुसता बघून कळतो व्हय?"

मग सगळेच बसले. शाळेत शिकवणाऱ्या लताबाईंनी साडीचा पदर खोचला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले केरू फिटर जाळीच्या गोण्या पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढू लागले. कुसाबाई दाभण घेऊन गोण्यांची तोंडं शिवत होत्या. त्यांच्या हाताची बरोबरी दोन तरण्या पोरींनाही करता येईना. कोणीतरी भजन धरलं. मुकादमानं एकदा त्या दिशेनं पाहिलं, मग तोही बाह्या सारून गोणी धरायला उभा राहिला.

सव्वाअकराला शेवटची गोणी वर गेली.

"घ्या तुमचा अर्धा तास," नवनाथ म्हणाला. मग ट्रककडं बघत पुढं बोलला, "नाय तर घ्या निवांत. गाडी तर भरली."

पाण्याचं भांडं चर्चमध्येच राहिलं होतं. बायकांच्या माठातून स्टीलच्या तांब्यात पाणी घेतलं. पाळकांनी धुळकट शर्टावर झगा चढवला. अंजलीनं तीन वेळा हात धुतले आणि लेक किशोरच्या हातून आपल्याकडं घेतली.

"चैताली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुझा बाप्तिस्मा करतो."

तीनदा पाणी पडलं. पोर दचकली, पण रडली नाही. अंजलीच्या मात्र डोळ्यांना धार लागली.

पाळक मंडळीकडं वळले. आता मंडळीला विचारायचा प्रश्न होता. "या लेकराला वाढवताना तुम्ही तिच्या आईबापाला साथ द्याल का?"

याचं उत्तर पुस्तकात छापलेलं असे; सगळ्यांनी एका सुरात वाचायचं. पुस्तकं तिकडं बाकांवर राहिली होती. शब्द आठवेनात.

ढिगाजवळ उभी राहून बघणारी नवसाबाई बोलली, "देऊ की! रोज इथं खळ्यावर तिची झोळी कोण हलवतं? आम्हीच ना."

तिच्या मागच्या पाचसहा बायकांनीही माना हलवल्या. "व्हय, देऊ."

मंडळीचं 'होय' त्यांच्यामागून आलं.