दांड्याची उंची

प्लंबर संडासात गुडघ्यांवर बसून भिंतीपासून कमोडच्या भांड्याच्या बोल्टापर्यंत टेप धरत होता, आणि म्हाताऱ्याची लेक दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"जुनं घर आहे ताई. टाइल्सवर टाइल्स चढवल्यात, भिंत पुढे आलीये. दुकानातलं कुठलंही भांडं आणून चालायचं नाही."

"ते कळलंय," ती म्हणाली. भावाने परगावाहून नुसता फोटो बघून भांडं पाठवलं होतं. ते इथे बसेना, म्हणून खोक्यासकट बाहेरच्या खोलीत पडून होतं. आता त्यावर बाबांची औषधं असायची.

बाबा घसरून पडले तेव्हा ती चार दिवसांसाठी म्हणून आली होती. त्या चार दिवसांचे किती झाले हे मोजणंही तिने सोडून दिलं होतं. जुनं भांडं बुटकं. बाबा बसायचे कसेबसे, पण उठायला त्यांना तिचा खांदा लागायचा. दिवसा लागायचा, रात्री लागायचा. कंबरेचे पार तुकडे पडले होते तिच्या. तिकडे नवरा हाताने करून खात होता, आणि पोरगी फोनवर "कधी येणार" असं विचारेनाशी झाली होती. याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

"उंच भांडं बसवू, आणि शेजारी भिंतीत दांडा. धरून एकटे उठतील," प्लंबर म्हणाला. "आजोबांना जरा आणता का? दांड्याची उंची बघतो."

"कशाला नसती उठाठेव?" खाटेवरून बाबा बोलले. "आहे त्याला काय धाड भरलीये?"

"बाबा, चला."

कुरकुरत ते आले आणि झाकणावर बसले.

"आता उठा बघू आजोबा. रोज उठता तसे."

बाबांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा हात सवयीने वर गेला, ती सवयीने वाकली, आणि हात बरोब्बर खांद्यावर पडला.

"तशाच थांबा ताई," प्लंबर म्हणाला. जमिनीपासून तिच्या खांद्यापर्यंत त्याने टेप लावला आणि तेवढ्याच उंचीवर टाइलवर पेन्सिलने ठळक रेघ मारली. "इथे येईल दांडा. सुटलात तुम्ही."

तिला एकदम इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

"कधी बसवाल?"

"परवा."

"एवढी कसली घाई आहे?" पुन्हा झाकणावर टेकत बाबा म्हणाले.

प्लंबरला फाटकापर्यंत सोडून ती परत आली. बाबा अजून तिथेच बसले होते. भिंतीवर रेघ नव्हती. तिच्या जागी ओला, काळपट डाग होता, आणि बाबांचा अंगठाही काळा झाला होता.

रागवायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"बाबा, माप त्याच्याकडे आहे."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात वर केला.

ती वाकली. ओला अंगठा खांद्यावर टेकला, रेघ होती तेवढ्याच उंचीवर.