म्हशीला रामराम

डॉक्टर सुधारानींनी धनराजचा उजवा डोळा तळहातानं झाकला अन् दुसरा हात वर केला.

"किती बोटं?"

"पुढं धरा की मॅडम, मग सांगतो."

बोटं नाकापुढंच होती. तीन.

मागं उभा असलेला त्याचा दोस्त नागनाथ फिस्सकन हसला. त्याला वाटलं, गड्यानं डॉक्टरीणबाईची फिरकी घेतली. मग त्यानं धनराजच्या बायकोचं, वच्छलाचं तोंड बघितलं अन् हसू गिळलं.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला. डाव्या भुवईच्या मागं सुपारीएवढा पांढुरका गोळा.

"इथं हाडात पोकळी असते. तिचं तोंड बंद झालंय. आत पाणी साचत गेलं, घट्ट झालं. जागा पुरेना, तर त्यानं हाड झिजवलं. आता डोळ्याला ढकलायलंय. कपाळात, गालात दाब वाटतो म्हणता, तो हाच."

धनराजनं मोठा श्वास सोडला. "सापडलं म्हणायचं एकदाचं! दोन वर्षं झाली मॅडम, तोंडावर कुणीतरी पाय देऊन उभं राहिल्यागत व्हायलंय. उदगीरला जाऊन चष्मा केलो. भालकीला दाढ काढलो. चांगली दाढ होती. कुणालाच कारण कळंना."

"दाढ काढून किती दिवस झाले?"

"दहा महिने."

"त्यानंतर कुठं दाखवलं?"

वच्छला बोलली, "कुठं न्हाई. पथ्यावर हाईत."

"कसलं पथ्य?"

"कुणीतरी पुडी दिलीय. ती चालू असताना डॉक्टरची गोळी खायची न्हाई, दवाखान्याची पायरी चढायची न्हाई. देणाऱ्याचं नाव सांगायचं न्हाई. अन् दिवस उगवला की पुडी खाऊन म्हशीला रामराम घालायचा. हात जोडून. तीनदा."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "म्हशीला?"

"काळीच लागते," धनराज म्हणाला. "कपाळाला पांढरा चांदा असलेली चालत न्हाई."

धनराजची जीप जिथनं सुटायची त्या कमलनगरच्या स्टँडवर हे कुणाला सांगायची गरज नव्हती. सकाळी सहाला मल्लप्पाच्या गोठ्यापुढं जीपवाले चहाचे कप घेऊन उभे राहायचे. धनराज हात जोडायचा, म्हैस रवंथ करायची, अन् नागनाथ आपल्या पानपट्टीच्या फळीवर बुक्क्या मारून मारून हसायचा. एकदा म्हशीनं तिसऱ्या रामरामाला मान हलवली, तर त्यानं सगळ्या स्टँडला फुकट पान खिलवलं.

"गुण येत होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येत होता की! पुडी खाल्ली की नाक उघडायचं. घंटाभर हलकं वाटायचं."

"मग आज कसे आलात?"

"मी ओढून आणले," वच्छला म्हणाली. "परवा पुलाच्या कठड्याला जीप घासली. डावीकडं कठडा हाय हेच दिसलं न्हाई म्हणे. आत नऊ माणसं होती."

डॉक्टरीणबाईंनी पेटीचा दिवा बंद केला. "ऑपरेशन करू. दाब जाईल, डोकं दुखायचंही थांबेल. डाव्या डोळ्याचं मात्र सांगता येत नाही. थोडी नजर येईल, नाहीतर नाही येणार. दहा महिन्यांपूर्वी आला असतात तर हे बोलायची वेळच नव्हती."

"अन् जीप?"

"जीप बंद."

"सोळा वर्षं चालवायलोय मॅडम. दुसरं काय येत न्हाई मला."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "त्या पुडीत काय होतं ते कळायला पाहिजे. भूल द्यायच्या आधी लागतं. कुणी दिली?"

"नाव सांगता येत न्हाई. गुण उतरतो."

"धनराजअण्णा, आता काय उतरायचं राहिलंय?"

तरी तो बोलंना. ओठ मिटून, मांडीवर हात ठेवून बसला. दहा महिने पाळलेलं पथ्य तो डॉक्टरीणबाईंच्या पुढंही मोडत नव्हता.

"बडीशेप," नागनाथ म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"बडीशेपची पूड अन् पेपरमेंट. पानात घालतो ती. दुसरं काय न्हाई त्यात. मीच दिलो."

वच्छलाला आधी समजलंच नाही. समजल्यावर ती हळूच म्हणाली, "मी दोनदा गोळ्या आणले, भावजी. पथ्य मोडतंय म्हणून यांनी चुलीत घातले."

"चेष्टा केलो वहिनी. वाटलं, चार दिवसांत वासावरनं ओळखंल, चारचौघात मला शिव्या घालंल, संपलं. पण हा खरंच गोठ्यापुढं जाऊन उभा राहिला. मग रोज लोक जमायले. आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत..." त्यानं खिशातला रुमाल काढला, अन् काय पुसायचं ते न सुचून परत ठेवला. "राहूनच गेलं."

धनराजनं मान वळवली. पार खांद्यापर्यंत वळवावी लागली, कारण नागनाथ डावीकडं उभा होता.

"म्हशीचं बी?"

"व्हय."

धनराज त्याच्याकडं बघत राहिला. नागनाथ शिवीची वाट बघत होता. एक तरी द्यायला पाहिजे होती.

"रोज सकाळी तुम्ही सगळे हसायचात," धनराज म्हणाला. "तू तर सगळ्यात जास्ती. तुला बघून मला लई बरं वाटायचं, नाग्या. मी म्हणायचो, दुखणं मोठं असतं, तर ह्यो हसला नसता."