अकरावा ढग

मार्लिसनं वडिलांचा अपुरा शोधनिबंध पुरा करायला घेतला होता. ताऱ्याचा अतिनील प्रकाश विरळ वायूच्या ढगातून आला की वर्णपटात बारीक खाच पडते. अशा खाचांवरून त्यांनी सूर्याशेजारचे अकरा ढग शोधले, अकरावा शेवटच्या आजारपणात. आई थडग्यावर तोच आकडा कोरून घेणार होती. मार्लिसनं खात्रीसाठी यंत्रावर वर्णपट सरकवून घेतलेली दुसरी नोंद उघडली. ढगाची खाच वर्णपटासोबत सरकते. ही अकरावी जागीच होती. तो यंत्रातला डाग होता. तिनं बोल्डरला आईकडे फोन लावला. "आई, दगड कोरून झाला का गं?" "पाथरवट उद्या कोरतोय म्हणालाय. का?" "ढग दहाच आहेत. बाबा चुकले." पलीकडे आईनं नळ बंद केला. "राहू दे ना," ती म्हणाली. "थडग्यापाशी कोण मोजायला बसलंय?" मग स्वतःच म्हणाली, "तुझा बापच बसेल उठून. दहा सांगते."