गळ्यावरचा वस्तरा

एरवी दाढी करताना न्हाव्याच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा. आज तो मध्येच थांबला आणि वस्तराही गळ्यावर थबकला. खुर्चीतल्या औषधवाल्याने डोळे उघडले. आरशात न्हावी उभ्या उभ्या पेंगत होता. हाक मारली तर दचकेल, म्हणून औषधवाल्याने आवंढासुद्धा गिळला नाही. सकाळीच न्हावी त्याच्या दुकानात आला होता. "साहेब, शिंकांनी हैराण केलंय. हातात वस्तरा असताना शिंकलो, तर एखाद्याचा गळा जायचा." औषधवाल्याने हसत अ‍ॅलर्जीची गोळी दिली होती. पण नुसत्या त्या गोळीने कुणी असं झोपत नाही; जोडीला दुसरं गुंगी आणणारं औषध असेल तरच. पातं किंचित सरकलं. फेसावर लाल ठिपका उमटला आणि न्हावी जागा झाला. "माफ करा, डोळा लागला." गळा पुसत औषधवाल्याने विचारलं, "दुसरी कुठली गोळी चालू आहे?" "पायाच्या नसा दुखतात, त्याची. दर महिन्याला तुम्हीच तर देता."