एकाच सुरावरची भणभण

१८८७चा नाताळ दोन दिवसांवर होता. “मिस्सेच्या उपासनेला व्हायोलिन सेलेस्टीन वाजवील,” गायनमास्तर मला म्हणाले. “तुझ्या मिठागरात राबलेल्या बोटांखाली तार भणभणणारच.” ठाण्याच्या ख्रिस्ती देवळातले गायक हसले. आठवडाभर मी व्हायोलिनच्या खुंट्या आवळल्या होत्या, फळीची फट सरसाने बुजवली होती, तारही बदलली होती. घरच्या अंगणात वाद्य स्वच्छ बोले. भणभण फक्त देवळात उठे, तीही एकाच सुरावर. मी व्हायोलिन गायकांत उभ्या असलेल्या सेलेस्टीनला दिले. “तोच सूर ओढ रे.” त्याच्या मऊ बोटांखालीही भणभण उठली. तो सूर ओढत असतानाच मी बाकावर चढून भिंतीवरच्या दिव्याची थरथरणारी काच धरली, भणभण थांबली. “सोड ती,” मास्तर कुजबुजले. “मिठागराच्या मालकांनी वाहिलेला दिवा आहे. तो सूर गाळ.” आजवर त्यांच्याशी मी मान वर करून बोललो नव्हतो. काच उतरवून त्यांच्या हातात दिली. “मी वाजवीत असेन तोवर सांभाळा, मास्तर.”