फ्रीज कंपनीचा

"काकू, आमच्या फ्रीजमध्ये फक्त आमच्याच बाटल्या ठेवायच्या," असं म्हणत शीतपेय कंपनीच्या माणसाने मालिनीकाकूंच्या कोकम सरबताच्या बाटल्या काढून उन्हात पायरीवर मांडल्या.

गुहागरच्या एसटी स्टँडसमोर काकू वीस वर्षं सरबत विकत होत्या. या कंपनीने त्यांना फुकट फ्रीज दिला, तेव्हा चुरशीने दुसऱ्या कंपनीनेही दिला. काकूंनी बाटल्या उचलून त्या दुसऱ्या फ्रीजमध्ये ठेवल्या. दुपारी त्या कंपनीचा माणूस आला. त्यानेही त्या बाहेर काढल्या.

"अरे, दुकान कुणाचं आहे?" काकू कडाडल्या.

"दुकान तुमचंच. फ्रीज आमचा."

"मग घेऊन जा तो! त्या दुसऱ्यालाही सांग!"

दोन दिवसांत दोन्ही फ्रीज गेले. काकूंनी माळ्यावरचा माठ उतरवून घासला, भरला आणि सरबत केलं.

रोजचे गिऱ्हाईक कंडक्टर गावणकर आले. काकूंनी ग्लास पुढे केला. ते ओशाळले.

"माठातलं नको, काकू. आता थंडगारची सवय झालीय," म्हणत ते शेजारच्या दुकानात गेले. दोन्ही फ्रीज आता तिथे होते.

काकूंनी ते सरबत स्वतःच पिऊन टाकलं. चव तीच होती.