लाल असतानाच

थंड होण्याच्या जागेवर एकोणीस रूळ होते. अठरा काळे, एक लाल. लाल रूळ आत्ताच आला होता आणि यंत्र त्याला मुद्दाम वाकवत होतं.

रेल मिलमध्ये शिकाऊ इंजिनीअर म्हणून संघमित्राचा तो पहिला दिवस होता. हे दृश्य मात्र तिला आठ वर्षांपासून ठाऊक होतं.

तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिचा पाठीचा कणा एका बाजूला वाकत चालला होता. एक्स-रेत एकतीस अंश. पंचेचाळीसच्या पुढे गेला तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते. तसं होऊ नये म्हणून धडाला आवळून बसणारा प्लास्टिकचा ब्रेस, झोपेतसुद्धा, हाडांची वाढ थांबेपर्यंत. कारखान्याजवळच्या त्यांच्या खुर्सीपार वस्तीतल्या उन्हाळ्यात तो कूलरपुढेही अंगाला चिकटायचा. शाळेत मुली तिच्या पाठीवर टकटक करून विचारायच्या, "कोई है?" एका संध्याकाळी तिने तो काढून पलंगाखाली ढकलला.

"मैं नहीं पहनूँगी! आबाजी, हा मले उलटाच ढकलून राहिला."

आबाजी म्हणजे तिचे आजोबा, लहानू. याच मिलमधून रिटायर झालेले. त्यांनी ब्रेस ओढून बाहेर काढला आणि लुंगीने पुसला.

"उलटाच पाहिजे. रुळाचं डोकं जाड, पाय चपटा. दोन्ही सारखे थंड होत नाहीत, म्हून रूळ वाकते. मंग आमी का करत होतो? लाल असतानाच त्याले उलटा वाकवत होतो. थंड झाला का सरळ. तू अजून लाल आहेस, संघू."

"खरंच सरळ होते?"

"हात वर कर," आबाजी म्हणाले.

त्यानंतर आंघोळ झाली की पट्टे तेच आवळायचे. आवळताना तोंडाने भोंगा वाजवायचे. "चला, फर्स्ट शिफ्ट!" आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "बाबा, शेजारी झोपले आहेत!" मग ते आणखी जोरात वाजवायचे.

आता समोर यंत्राने लाल रूळ सोडला.

"थंड झाल्यावर हा अगदी सरळ होतो ना?" तिने ऑपरेटर नरहरीला विचारलं.

"अगदी सरळ? नाही, मॅडम. वाक कमी राहते, इतकंच. पूरा सीधा तर आज तक एकही नाही निघाला. पुढं सरळ करायच्या मशीनीत सगळ्यायलेच जा लागते."

जेवणाच्या सुट्टीत तिने घरी फोन लावला.

"आबाजी, तुमी मले अर्धंच सांगतलं. मशीनीचं त बोललेच नाही."

पलीकडे आबाजींनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"पुरं सांगतलं असतं, त ब्रेस घातला असता तू?"

वाढ थांबल्यावर काढलेल्या तिच्या शेवटच्या एक्स-रेत वाक सत्तावीस अंश होता.